दाराशी टांगलेली पिशवी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमी हादरली, तेव्हा किल्लारी परिसरातील गावे नुकतीच कोठे निजली होती. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती विसर्जन करून मंडळी उशिरा घरी परतलेली. सहा अंशांहून थोड्या अधिक तीव्रतेचा तो धक्का जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच म्हणावयास हवा. परंतु मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे यांना तेवढा पुरेसा झाला. ५२ गावे होत्याची नव्हती झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो.

त्या पहाटे ढिगाऱ्याखालून पहिला आवाज ज्यांनी ऐकला ते सैनिक नव्हते, डॉक्टर नव्हते, शासकीय अधिकारीही नव्हते. ते शेजारी होते. लष्कर आले, वैद्यकीय पथके आली, देशातून आणि परदेशांतूनही मदत आली. पण ती येईपर्यंत सूर्य उगवून वर आला होता. मधल्या काळात जे काही झाले ते ज्यांची स्वतःची घरे पडली होती त्यांनी, अंधारात, हाताला सापडेल त्या वस्तूने केले. घरातील कंदील, टिकाव, दोरखंड हे सारे घराबरोबरच गाडले गेले होते.

या घटनेला आज तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. दरम्यान आपत्ती व्यवस्थापन हा शब्द शासनव्यवहारात रुळला, २००५ साली त्याविषयीचा केंद्रीय कायदा झाला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे आली. तरीही एक साधा प्रश्न शिल्लकच आहे. मदत येईपर्यंतच्या पहिल्या तासात जो माणूस घटनास्थळी असतो, त्याच्या हाताशी काय असते?

पहिल्या तासाचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्रात सीमांत उपयोगितेची कल्पना प्रसिद्ध आहे. तहानलेल्याला पहिल्या पेल्याचे मोल दहाव्या पेल्यापेक्षा कितीतरी अधिक असते. आपत्तीतील मदतीलाही हाच न्याय लागू पडतो. पहिल्या तासात पोहोचलेल्या एका विजेरीचे मोल तिसऱ्या दिवशी पोहोचलेल्या प्रखर दिव्यांच्या मालमोटारीपेक्षा अधिक ठरू शकते. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानमधील कोबे शहर भूकंपाने कोसळले. जपानसारख्या सुसज्ज देशातही ढिगाऱ्यातून सोडविण्यात आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बाहेर काढले, असा अंदाज नंतर मांडण्यात आला. यंत्रणा दुबळी होती म्हणून हे घडले नाही. यंत्रणा कितीही समर्थ असली तरी ती अंतरावर असते आणि शेजारी दाराशी असतो.

आपल्याकडील खर्चाची रचना मात्र नेमकी उलट दिसते. मोठी वाहने, मोठी यंत्रे, मोठी केंद्रे यांवर खर्च करणे सोपे जाते. त्यांची उद्घाटने होतात, छायाचित्रे निघतात. वस्तीतील स्वयंसेवकाच्या दाराशी टांगलेल्या पिशवीचे उद्घाटन कोण करणार? तिची किंमत साध्या स्मार्टफोनहून अधिक नसते, आणि कदाचित म्हणूनच तिच्याकडे गांभीर्याने पाहिले जात नाही.

शहराची संकटे निराळी

किल्लारीचे नाव घेतले की छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकास ते संकट दूरचे वाटते. पण या शहराची स्वतःची संकटे काही कमी नाहीत. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोजे बनविणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार प्राणास मुकले. ३ एप्रिल २०२४ रोजी छावणी भागात शिवणकामाच्या दुकानाला पहाटे आग लागली. ज्वाळा वरच्या मजल्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, पण धूर पोहोचला आणि एकाच कुटुंबातील सात जण गुदमरून गेले. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला जालना रस्त्यावर सिडको उड्डाणपुलाजवळ स्वयंपाकाच्या वायूचा टँकर दुभाजकावर आदळून गळू लागला. परिसराचा वीजपुरवठा तोडावा लागला, रस्ते बंद करावे लागले आणि अग्निशमन दलाला तासन् तास पाण्याचा मारा करीत राहावे लागले.

शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर पैठण आहे. तेथे जायकवाडीचे २७ दरवाजे ही जशी मराठवाड्याची आशा, तशीच अतिवृष्टीच्या वर्षी काठावरच्या वस्त्यांची चिंता. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेले पाणी पैठण शहरात शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर विलक्षण पाऊस कोसळला, तेव्हाही गोदाकाठच्या लोकांना घरे सोडावी लागली. शहरातून वाहणारी खाम नदी एरवी कोणाच्या खिजगणतीत नसते. पण एखाद्या रात्रीच्या ढगफुटीसदृश पावसात तिचे नदीपण तिला आठवते.

या घटना येथे एकत्र मांडण्याचे कारण असे की, प्रत्येकीची मागणी वेगळी आहे. भूकंपाची पूर्वसूचना मिळत नाही. धरणातील विसर्गाची काही तास आधी मिळते. धुराने भरलेल्या जिन्यात तोंडाला ओले फडके बांधून शिरणारा स्वयंसेवक शूर असतो, पण ओल्या फडक्याने विषारी वायू अडत नाही आणि मृतांच्या यादीत एका नावाची भर पडते. तेथे त्याचे काम बाहेरचे आहे. शेजाऱ्यांना जागे करणे, मुख्य बटण बंद करणे, अरुंद गल्लीतील दुचाक्या हटवून बंबाला वाट करून देणे, आणि घरात माणसे किती होती व बाहेर किती आली याची मोजदाद ठेवणे. वायुगळतीच्या ठिकाणी तर घराघरांची घंटी वाजविणेही धोक्याचे, कारण बटणातील ठिणगी पुरेशी ठरते. तेथे दार हातानेच ठोठावले पाहिजे. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो; तो सखल जागी साचतो, म्हणून लोकांना उंचावर आणि वाऱ्याच्या उलट दिशेला न्यावयाचे असते. पिशवी भरण्यापूर्वी हे ज्ञान डोक्यात भरलेले असावे लागते. ज्ञानाविना पिशवी म्हणजे केवळ ओझे.

पिशवीत काय असावे

पिशवी भरताना पहिला विचार करावयाचा तो स्वयंसेवकाच्या स्वतःच्या सुरक्षिततेचा. यात स्वार्थ नाही. जखमी झालेला स्वयंसेवक मदत करणाऱ्यांच्या संख्येतून एक वजा होतो आणि मदत लागणाऱ्यांच्या संख्येत एक मिळतो. नुकसान दुहेरी होते. म्हणून शिरस्त्राण, घोट्याच्या वर येणारे बूट, डोळ्यांवरचा चष्मा, धुळीसाठी मुखपट्टी आणि दोन प्रकारचे हातमोजे प्रथम. काच आणि पत्रा उचलण्यासाठी चामड्याचे जाड मोजे, जखमीस हात लावण्यासाठी रबराचे पातळ. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

त्यानंतर प्रकाश आणि आवाज. हातात धरावयाच्या विजेरीपेक्षा कपाळाला बांधावयाची विजेरी बरी, कारण ती दोन्ही हात मोकळे ठेवते. तिचे सेल तिच्यात घालून ठेवू नयेत. पाझरलेला सेल विजेरी निकामी करतो आणि ते नेमके गरजेच्या रात्री लक्षात येते. सेल शेजारी, वेगळ्या कागदात गुंडाळून असावेत. आणि शिट्टी. ओरडून ओरडून माणसाचा घसा अर्ध्या तासात बसतो. शिट्टीला तेवढा श्वास लागत नाही आणि ती लांब ऐकू जाते. पिशवीतील सर्वांत स्वस्त वस्तू कदाचित हीच असेल, आणि सर्वांत उपयोगीही.

तिसरा भाग जखमीसाठी. निर्जंतुक गॉज, पट्ट्या, चिकटपट्टी, कपडे कापण्याची बोथट टोकाची कात्री, जलसंजीवनीची पाकिटे. त्रिकोणी पट्टी विकतच आणली पाहिजे असे नाही. जुन्या स्वच्छ धोतराचा तुकडा झोळीसारखा बांधला की मोडलेला हात सावरला जातो. चौथा भाग दोरीचा. पुराच्या पाण्यात न उतरता वाहणाऱ्याला दोरी फेकता यावी, तिच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा बांधलेला असावा. पोहता येते म्हणून पाण्यात उडी घेणारे आणि परत न येणारे दरवर्षी वाचावयास मिळतात.

पाचवा भाग बहुतेक याद्यांत नसतो, पण अनुभवी माणूस तो विसरत नाही. वही आणि पेन्सिल. शाईचे पेन ओल्या कागदावर फसते, पेन्सिल लिहीत राहते. खडू, म्हणजे तपासून झालेल्या घराच्या दारावर खूण करता येते व दुसरे पथक तेथे वेळ घालवीत नाही. महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेले, कारण मोबाइलचे बळ संपले की त्यातील सारे क्रमांकही संपतात. दहा, वीस, पन्नासच्या काही नोटा. मनोरा बंद पडला की डिजिटल व्यवहार थांबतो आणि रिक्षावाला, औषधवाला पुन्हा रोखीच्या युगात येतो. ओळखपत्र. स्वतःची रोजची औषधे. दोन लिटर पाणी आणि शेंगदाणे, गूळ, खजूर असा कोरडा शिधा. स्वयंसेवकाने आपद्ग्रस्तांच्या अन्नावर भार होऊ नये, हा त्यामागील सभ्य नियम आहे.

काय नसावे, हेही तितकेच महत्त्वाचे. पिशवी सात-आठ किलोंहून जड झाली की ती घेऊन धावता येत नाही, आणि जी घेऊन धावता येत नाही ती घरीच राहते. पहार, घण, जॅक, शिडी, ताडपत्री ही सामायिक हत्यारे प्रभाग कार्यालयात, शाळेत किंवा समाजमंदिरात, किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असलेल्या जागी असावीत. इंजेक्शने, वेदनाशामक गोळ्यांचे साठे, अर्धवट वैद्यकी यांना पिशवीत स्थान नाही. शासकीय संचांत लायटर असतो. पुरात चूल पेटविण्यास तो उपयोगी, पण जालना रस्त्यावरील त्या पहाटेसारखा प्रसंग असेल तर तो घरी ठेवूनच निघाले पाहिजे.

घसारा नावाचा शत्रू

या दिशेने शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना ३० पूरप्रवण जिल्ह्यांत, सहा हजार स्वयंसेवकांपुरती सुरू केली. पुढे ती ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक एवढी विस्तारली. बारा दिवसांचे प्रशिक्षण, विमा आणि प्रत्येकास साहित्याचा संच, अशी तिची आखणी आहे. आता युवा संघटनांतील मुलामुलींपर्यंतही ती नेली जात आहे. दिशा योग्य आहे.

प्रश्न पुढचा आहे. कारखान्याचा हिशेब लिहिणारा कोणीही यंत्राच्या किमतीबरोबर घसाऱ्याची तरतूद करतो. शासकीय योजनेत मात्र संच वाटला की खाते बंद होते. पिशवी ही एकदा विकत घेऊन ठेवावयाची वस्तू नव्हे. तिच्यात भांडवल कमी आणि नाशवंत माल अधिक आहे. सेल उतरतात, जलसंजीवनीच्या पाकिटावरील तारीख उलटते, चिकटपट्टी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात विरघळते, पाण्याला वास येतो, शेंगदाणे खवट होतात, रबर चिरते. घरात मुलाला रात्री अभ्यासाला विजेरी लागली की ती पिशवीतून निघते आणि परत जात नाही. दोन वर्षांनी उघडली तर ती पिशवी राहिलेली नसते, पिशवीची आठवण राहिलेली असते. आणि रिकाम्या पिशवीपेक्षा अशी भरल्यासारखी दिसणारी पिशवी अधिक घातक, कारण तिच्यावर कोणीतरी विसंबलेला असतो.

म्हणून मागणी नव्या संचांची नसून वार्षिक पुनर्भरणाची असावयास हवी. दर पिशवीमागे वर्षाला काही शे रुपयांची तरतूद महानगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली असावी. ती स्वयंसेवकाच्या खिशावर टाकू नये. पिशवीचा लाभ साऱ्या गल्लीला होतो. अशा वस्तूचा खर्च एकट्यावर पडला तर तो करण्याचे टाळले जाते, हा सार्वजनिक वस्तूंविषयीचा जुना सिद्धान्त आहे आणि तो माणसांच्या चांगुलपणाविषयी काहीही सांगत नाही.

पिशवी कोणाच्या खांद्यावर?

स्वयंसेवक म्हटला की डोळ्यांपुढे तरुण पुरुष येतो. परंतु दुपारी दोन वाजता हा तरुण कोठे असतो? तो वाळूजला, शेंद्र्याला, चिकलठाण्याला पाळीवर असतो; खेड्यातला असेल तर शेतावर किंवा तालुक्याला. त्या वेळी वस्तीत असतात त्या स्त्रिया, वृद्ध आणि मुले. पिशवी त्याच्या नावावर आणि कुलूपबंद कपाटात असेल, तर दिवसाचे आठ-दहा तास ती नसल्यासारखीच. प्रत्येक गल्लीत किमान दोन पिशव्या आणि त्यांपैकी एक स्त्रीच्या हाती, हा नियम शोभेसाठी नव्हे, हिशेबासाठी हवा. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतील स्त्रियांनी संवाद साहाय्यक म्हणून घरबांधणीच्या कामावर देखरेख केली होती. ज्या स्त्रिया भिंतीत आडवी पट्टी घातली आहे की नाही हे गवंड्याला विचारू शकल्या, त्या विजेरीचे सेल तपासू शकणार नाहीत असे मानण्यास काही आधार नाही.

दुसरा प्रश्न रोजगाराचा. रोजंदारीवरचा माणूस दोन दिवस मदतीला गेला तर त्याच्या चुलीचे काय? अपघाती विमा मृत्यूचे मोल देतो, बुडालेल्या रोजाचे देत नाही. अधिकृतपणे बोलाविलेल्या स्वयंसेवकास त्या दिवसांचे किमान वेतन मिळावे आणि कारखान्यांनी अशी गैरहजेरी रजा धरू नये, एवढी व्यवस्था केली तर स्वयंसेवा ही केवळ सुस्थितांची चैन राहणार नाही.

आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. स्वयंसेवक उभे केले की शासन आपली जबाबदारी त्यांच्यावर ढकलील, अशी भीती व्यक्त होते. ती अनाठायी नाही. म्हणूनच स्वयंसेवकाचे काम पहिल्या तासापुरते आहे आणि अग्निशमन केंद्रे, रुग्णवाहिका व प्रशिक्षित पथके यांची उणीव त्याने भरून निघत नाही, हे लेखी स्पष्ट असावे. दुसरी शंका या शहराच्या इतिहासातून येते. येथे मोहल्ल्यांमधील ताणाचे प्रसंग आलेले आहेत. अशा ठिकाणी गणवेश घातलेले पथक पाहून शेजारच्या वस्तीला धीर वाटेल की धास्ती? उत्तर पथकाच्या रचनेत आहे. ते पक्षाचे, जातीचे वा धर्माचे नसून गल्लीचे असावे, त्याची नावे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर असावीत आणि लगतच्या दोन वस्त्यांच्या पथकांचा सराव एकत्र व्हावा. धूर कोणाच्या जिन्यात शिरावे हे विचारून शिरत नाही.

एक दिवस पिशवीसाठी

जपानमध्ये १९२३ च्या महाभूकंपाच्या स्मरणार्थ १ सप्टेंबर हा आपत्ती निवारणाचा दिवस पाळला जातो. त्या दिवशी कवायती होतात आणि घराघरांतील संकटकाळच्या पिशव्या तपासल्या जातात. मराठवाड्याला असा दिवस दुसरीकडून आणण्याची गरज नाही. तो ३० सप्टेंबर आहे. दरवर्षी त्या दिवशी श्रद्धांजलीचे कार्यक्रम होतात. त्यांत एका कामाची भर घालावी. वस्तीतील पिशव्या चौकात आणून उघडाव्यात, सेल बदलावेत, तारखा पाहाव्यात, दोरीच्या गाठी सोडून पुन्हा बांधाव्यात. पावसाळ्यापूर्वी मृगाच्या सुमारास हेच एकदा करावे. वर्षातून दोन सकाळी, याहून अधिक वेळ लागत नाही.

हे आपल्या संस्कृतीला परके नाही. खंडेनवमीला सुतार आपली करवत, लोहार आपला घण आणि कारखान्यातील कामगार आपले यंत्र पुसून त्याला फूल वाहतो. त्या पूजेचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्याच्यावर पोट अवलंबून आहे ते हत्यार वर्षातून एकदा तरी हातात घेऊन नीट पाहिले जाते. ज्याच्यावर शेजाऱ्याचा जीव अवलंबून राहू शकतो, त्या पिशवीलाही तेवढा मान मिळावा. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिच्यातील विजेरी लागते की नाही, याचे उत्तर त्या पहाटे शोधावयाचे नसते. ते आदल्या महिन्यातल्या एखाद्या निवांत सकाळी, उन्हात बसून, शोधावयाचे असते.